सापांचे हिवाळी शीतन

समशीतोष्ण प्रदेशांत मूलस्थान असलेल्या सापांना बंदिवासात असताना हिवाळ्याचे काही आठवडे हेतुपुरस्सर कमी तापमानात, अंधारात व निराहार ठेवण्याच्या पद्धतीस हिवाळी शीतन म्हणतात. निसर्गात हे साप थंडीचे महिने जमिनीखाली निश्चल अवस्थेत काढतात. त्या अवस्थेची ही नियंत्रित अनुकृती होय. शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागले की, पेटीतील ऊब कायम असतानाही यांपैकी अनेक साप भक्ष्य नाकारू लागतात. हा अन्नत्याग रोगाचा नसून ऋतुचक्राचा भाग असू शकतो. परंतु सापाच्या बहुतेक रोगांचे पहिले लक्षणही अन्नत्याग हेच असते. म्हणून साप खात नाही एवढ्यावरून त्यास थंडीत ठेवणे जितके चुकीचे, तितकेच त्याच्या घशात बळाने भक्ष्य ढकलणेही चुकीचे ठरते. शीतन हा अन्नत्यागावरील औषधोपचार नव्हे. निरोगी, पुष्ट व थंड प्रदेशातील जातीच्या सापाला त्याचा नैसर्गिक विसावा देण्याचा तो एक मार्ग आहे. आजारी, कृश किंवा उष्ण कटिबंधातील सापाच्या बाबतीत तो घातक ठरू शकतो.

संज्ञा : अस्वल, खार, वटवाघूळ इ. सस्तन प्राण्यांच्या हिवाळी निष्क्रियतेहून सरीसृपांची निष्क्रियता वेगळी आहे. सस्तन प्राणी स्वतःच्या शरीरातील उष्णतेचे नियमन करून तापमान उतरवितात व पुन्हा चढवितात. सरीसृप हे अनियततापी, म्हणजे ज्यांच्या शरीराचे तापमान परिसरानुसार बदलते असे प्राणी असल्याने त्यांना ही मुभा नसते. हा भेद स्पष्ट करण्यासाठी डब्ल्यू. डब्ल्यू. मेह्यू या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये ‘ब्रूमेशन’ ही संज्ञा सुचविली. हिवाळा या अर्थाच्या ‘ब्रूमा’ या लॅटिन शब्दावरून ती बनविली आहे. सर्वच शास्त्रज्ञांनी ती स्वीकारलेली नाही. सरीसृप पाळणाऱ्यांमध्ये मात्र ती रूढ झाली आहे. या अवस्थेतील साप गाढ झोपेत नसतो. स्पर्श केल्यास तो मंदपणे हालचाल करतो, जागा बदलतो आणि तहान लागल्यास पाणी पितो. [⟶ शीतनिष्क्रियता].

निसर्गातील आढळ : सापांच्या हिवाळी वास्तव्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात नार्सिस या ठिकाणी आढळते. तेथील चुनखडकाच्या भेगांत तांबड्या पट्ट्यांचे गार्टर साप (थॅम्नोफिस सिर्टॅलिस पॅरायटॅलिस) हजारोंच्या संख्येने एकत्र हिवाळा काढतात. उन्हाळ्यात ते १५ किमी.हून अधिक अंतरावरील दलदलींत बेडूक व गांडुळे खाऊन पुष्ट होतात आणि शरद ऋतूत पुन्हा त्याच भेगांकडे परततात. जमीन गोठते त्या थराच्या खाली पोहोचणे हे त्यांच्या जिवाच्या दृष्टीने निर्णायक असते. १९९८-९९ च्या हिवाळ्यात प्रतिकूल हवामानामुळे या भागातील हजारो साप सुरक्षित खोलीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच मरण पावले. गार्टर साप काही तासांपुरते अंशतः गोठूनही जगू शकतात, असे प्रयोगांत आढळले आहे. मात्र गोठण अधिक काळ टिकल्यास ते मरतात. यूरोपातील ॲडर (व्हायपेरा बेरस) हा विषारी साप स्कँडिनेव्हियात उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे आढळतो. तेथे त्याच्या वर्षाचा मोठा भाग जमिनीखालीच जातो.

या उदाहरणांतून शीतनाच्या दृष्टीने महत्त्वाच्या तीन गोष्टी दिसून येतात. पहिली, साप थंडीत शिरण्यापूर्वी खाऊन पुष्ट झालेला असतो. दुसरी, त्याचे निवासस्थान थंड असले, तरी गोठलेले नसते आणि तेथील तापमानात सहसा एकाएकी चढउतार होत नाहीत. तिसरी, तेथे ओलावा असतो. बंदिवासातील शीतन फसते, तेव्हा यांपैकी एखादी अट पाळली गेलेली नसते, असे बहुधा आढळून येते.

शरीरक्रिया : अनियततापी प्राण्यांत तापमान १०° से.ने उतरले, की चयापचयाचा (शरीरात सतत होणाऱ्या रासायनिक व भौतिक घडामोडींचा) वेग साधारणपणे निम्मा ते एक तृतीयांश होतो. २८° से. तापमानात राहणारा साप १२° से. तापमानात आला की त्याचा ऊर्जेचा खर्च फारच अल्प होतो. हृदयाचे ठोके व श्वसन मंदावते. उदरपोकळीतील चरबीचे पट्टे आणि यकृतातील साठा यांवर तो अनेक आठवडे निभावून नेतो. या काळात वजनात होणारी घट निरोगी सापात थोडी असते. हवा कोरडी असल्यास त्या घटीचा बराच भाग पाण्याचा असतो. म्हणून निराहार सापालाही पाणी मात्र सतत उपलब्ध असावे लागते.

चयापचयाबरोबर पचनही मंदावते. पाचक रसांतील एंझाइमांची क्रिया व आतड्याची हालचाल ही दोन्ही उष्णतेवर अवलंबून असतात. साप भक्ष्य अखंड गिळतो. उबेत जठरातील अम्ल व एंझाइमे त्या भक्ष्याचे हाडांसह विघटन करतात. थंडीत ही क्रिया जवळजवळ थांबते, परंतु भक्ष्याच्या शरीरातील जंतू आपले कार्य चालू ठेवतात. परिणामी भक्ष्य पचण्याऐवजी कुजते, वायू साचतो आणि साप ते ओकून टाकतो किंवा जंतुविषबाधेने मरतो. थंडीची चाहूल लागताच अन्न नाकारणे हे यामुळेच सापाच्या दृष्टीने हिताचे आहे. जो अन्नत्याग मालकाला चिंतेचा वाटतो, तोच पुष्कळदा सापाचा बचाव असतो.

उपासाचा परिणाम पचनेंद्रियांवरही होतो. स्टीफन सिकॉर व जॅरेड डायमंड यांनी १९९० नंतरच्या दशकात ब्रह्मी अजगरावर (पायथॉन बायव्हिटॅटस) केलेल्या संशोधनात असे आढळले, की दोन आहारांमधील दीर्घ उपासात त्याचे आतडे आक्रसते आणि भक्ष्य गिळल्यानंतर एकदोन दिवसांत लहान आतड्याचे वजन सु. दुप्पट होते, चयापचयाचा वेग तर विश्रांतीच्या वेगाच्या चाळीस पटींहूनही अधिक वाढू शकतो. वारंवार खाणाऱ्या जातींत हा फरक एवढा तीव्र नसतो. तथापि दीर्घ उपासानंतरचा पहिला आहार लहान असावा, हा व्यवहारातील नियम या निष्कर्षांशी सुसंगत आहे.

रोगप्रतिकारशक्तीही थंडीत क्षीण होते. शरीरात दबून राहिलेला श्वसनमार्गाचा संसर्ग, मुखपाक किंवा परजीवींचा उपद्रव या काळात बळावतो. या दृष्टीने १८° ते २२° से. यांदरम्यानचे तापमान दीर्घकाळ राहणे विशेष हानिकारक असते. एवढ्या तापमानात सापाची शिल्लक खर्च होत राहते, परंतु पचन नीट होत नाही आणि रोगाचा प्रतिकारही पुरेसा होत नाही. हिवाळ्यात तापक बंद पडलेल्या किंवा अपुरा असलेल्या घरातील पेटीत नेमकी हीच स्थिती उद्‌भवते. सापाला पूर्ण ऊब द्यावी किंवा विधिपूर्वक पूर्ण शीतन करावे. या दोहोंमधील अर्धवट थंडी टाळावी, हे या विषयातील सर्वांत महत्त्वाचे सूत्र होय.

अन्नत्यागाची कारणे व परीक्षा : अन्नत्यागाचे कारण ठरविताना प्रथम पेटीतील तापमान मोजणे आवश्यक असते. तापमापक पेटीच्या काचेवर न लावता साप प्रत्यक्ष पहुडतो त्या पृष्ठभागावर, उबदार व थंड अशा दोन्ही टोकांस ठेवावा लागतो. अनेक प्रकरणांत हिवाळी अन्नत्यागाचे कारण ऋतू नसून कमी पडलेली ऊब हेच असल्याचे आढळते. तापमान योग्य केल्यावर काही दिवसांत साप खाऊ लागतो.

ऊब योग्य असूनही साप खात नसल्यास पुढील कारणांचा विचार करतात. कात टाकण्यापूर्वी डोळे दुधाळ निळसर होतात व त्या काळात बहुतेक साप खात नाहीत; कात टाकल्यावर भूक परतते. अंड्यांवर आलेली मादी अनेक आठवडे उपाशी राहते. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसली असता सहसा खात नाही. ब्रह्मी अजगराची मादी स्नायूंचे आकुंचन करून स्वतःच्या शरीराचे तापमान वाढविते, हे न्यूयॉर्क येथील प्राणिसंग्रहालयातील निरीक्षणांवरून १९६६ मध्ये सिद्ध झाले. एवढा ऊर्जाव्यय होत असतानाही ती उपाशीच असते. नव्या पेटीत आणलेला, वारंवार हाताळला जाणारा किंवा लपण्यास जागा नसलेला सापही अन्न टाळतो. प्रौढ नर वीणीच्या हंगामात खाण्याकडे दुर्लक्ष करतात.

ही कारणे वगळल्यावर ऋतू व रोग असे दोन पर्याय उरतात. ऋतुजन्य अन्नत्यागात साप पुष्ट असतो, त्याचे वजन महिनोन्‌महिने जवळजवळ स्थिर राहते, नेत्र स्वच्छ असतात, श्वास निःशब्द असतो आणि दरवर्षी साधारण त्याच सुमारास तो अन्न सोडतो. याउलट तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकातोंडाशी फेस किंवा चिकट स्राव दिसणे, गिळलेले ओकणे, शरीराच्या मध्यभागी सूज येणे, विष्ठा दुर्गंधीयुक्त व पातळ होणे, पाठीचा कणा धारेसारखा वर येणे व कुशींना सुरकुत्या पडणे ही रोगाची अथवा कृशतेची चिन्हे होत. अशा सापाचे शीतन कदापि करीत नाहीत. त्यास उबेत ठेवून पशुवैद्याकडून विष्ठेची परीक्षा व आवश्यक ते उपचार केले जातात.

वजनाची नोंद हा या परीक्षेचा कणा आहे. स्वयंपाकघरातील साधा विद्युत् काटा त्यास पुरेसा होतो. उदा., ५०० ग्रॅ. वजनाच्या सापाने दोन महिन्यांत १० ग्रॅ. गमावले, तर ती घट चिंताजनक नसते. परंतु ५० ग्रॅ. म्हणजे दहा टक्के घट झाली, तर ती रोगसूचक मानून तपासणी करतात. नोंद नसल्यास ‘साप खात नाही’ या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही, कारण तीन आठवड्यांचा व तीन महिन्यांचा उपास मालकाच्या आठवणीत बहुधा सारखाच भासतो.

मूलस्थानाचे महत्त्व : शीतन करावे की नाही, हे सापाच्या सवयीपेक्षा त्याच्या जातीचे मूलस्थान पाहून ठरवितात. उत्तर अमेरिकेतील कॉर्न साप (पँथेरोफिस गटॅटस) व त्याचे आप्त उंदीर-साप, किंग साप (लॅम्प्रोपेल्टिस), बुल साप (पिट्यूओफिस), वर वळलेल्या नाकाचा हॉगनोज साप (हेटेरोडॉन नॅसिकस) आणि गार्टर साप यांना शीतन मानवते. एकाच जातीतही फरक पडतो. फ्लॉरिडाच्या दक्षिणेकडील कॉर्न सापाच्या पूर्वजांनी सौम्य हिवाळे पाहिलेले असतात, तर मॅनिटोबातील गार्टर सापाच्या पूर्वजांनी अतितीव्र.

उष्ण कटिबंधातील जातींना मात्र अशी थंडी सोसत नाही. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील राजअजगर (पायथॉन रेजियस) हा लहान, घाबरला असता चेंडूसारखे वेटोळे करणारा अजगर जगभर पाळला जातो. प्रौढ राजअजगर वर्षातून कित्येक महिने अन्न नाकारतो व तरीही त्याचे वजन टिकून राहते. उपासाच्या या लौकिकामुळेच त्यास थंडीत ठेवण्याचा मोह होतो. परंतु त्याचा उपास पश्चिम आफ्रिकेच्या ऋतुमानाशी निगडित असतो, बर्फाळ हिवाळ्याशी नव्हे. थंडीत त्यास श्वसनमार्गाचा संसर्ग होतो. त्यास नेहमीची ऊब, लपण्यास अरुंद अंधारी जागा व निवांतपणा देऊन वाट पाहणे एवढेच करावयाचे असते. बोआसारख्या काही उष्णदेशीय जातींना प्रजननासाठी रात्रीच्या तापमानातील काही अंशांची घट उपयोगी पडते. ती शीतनाहून सर्वस्वी वेगळी गोष्ट होय.

मूलस्थानाचा हा नियम अमेरिकेत अनपेक्षितपणे पडताळला गेला. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आलेले ब्रह्मी अजगर फ्लॉरिडातील एव्हरग्लेड्‌स दलदलीत रानटी झाले आहेत. जानेवारी २०१० मध्ये तेथे थंडीची असाधारण लाट आली, तेव्हा रेडिओ-प्रेषक बसवून निरीक्षणाखाली ठेवलेल्या १० अजगरांपैकी ९ मरण पावले. फ्लॉरिडातून साउथ कॅरोलायनात नेऊन मोकळ्या आवारात ठेवलेले १० अजगर त्याच महिन्यात सर्वच्या सर्व मेले. यांतील काही अजगर सुरक्षित बिळात जाण्याऐवजी थंडीत उघड्यावर राहिल्याचे दिसून आले. थंडीत काय करावे हे ज्या वंशाला अंगभूत नाही, त्याला थंडीत सोडण्याचा परिणाम यावरून स्पष्ट होतो.

पद्धती : शीतनासाठी निवडलेला साप निरोगी असून त्याने उन्हाळाभर नीट आहार घेतलेला असावा लागतो. शेवटचा आहार दिल्यावर दोन ते तीन आठवडे त्यास नेहमीच्याच उबेत ठेवतात. या काळात जठर व आतडे पूर्णपणे रिकामे होतात. विष्ठा बाहेर पडल्याची खात्री करून घेतात. ही पायरी गाळल्याने होणारी हानी सर्वांत मोठी असते, कारण आतड्यातील अन्नाचा अवशेषही थंडीत कुजू शकतो.

यानंतर एक ते दोन आठवड्यांत तापमान टप्प्याटप्प्याने उतरवितात. प्रथम रात्रीचा व नंतर दिवसाचा तापक बंद करतात आणि प्रकाशाचा काळ कमी करीत नेतात. अखेरचे तापमान बहुतेक उत्तर अमेरिकन जातींसाठी १०° ते १५° से. ठेवतात. ते स्थिर असणे महत्त्वाचे असते. थंड देशांत तळघर किंवा न तापविलेली खोली यासाठी वापरतात. इतरत्र थर्मोस्टॅट बसविलेली शीतपेटी वापरावी लागते. घरातील सामान्य रेफ्रिजरेटर ४° से.च्या आसपास चालत असल्याने तो तसाच वापरणे धोक्याचे असते. पेटीत कोरडी पाने, लाकडाचा भुसा किंवा कागदाचे तुकडे यांचा जाड थर, हवेसाठी छिद्रे आणि सांडणार नाही अशा जड भांड्यात स्वच्छ पाणी ठेवतात. पेटी अंधारी व गोंगाटापासून दूर असते.

शीतनाचा काळ सामान्यतः ८ ते १२ आठवडे असतो. दर आठवड्यास पाणी बदलतात व दोन आठवड्यांनी सापाचे वजन करून श्वसन, तोंड व त्वचा यांची धावती पाहणी करतात. ही हाताळणी थोडक्यात आटोपतात. वजनात दहा टक्क्यांच्या आसपास घट, श्वासाचा आवाज, पोटाच्या खवल्यांवर फोड अथवा सतत अस्वस्थ भटकणे यांपैकी काही दिसल्यास शीतन तेथेच थांबवितात. अशा सापाला काही दिवसांत क्रमाने उबेत आणतात व पशुवैद्यास दाखवितात. आजारी साप थंडीतच ठेवला, तर औषधही नीट काम करीत नाही, कारण औषधाचे शोषण व उत्सर्जन ही दोन्ही तापमानावर अवलंबून असतात.

काळ पुरा झाल्यावर एक ते दोन आठवड्यांत तापमान पूर्ववत् करतात. साप प्रथम पाणी पितो व उबदार टोकास जाऊन पडतो. पूर्ण ऊब मिळाल्यावर सु. एक आठवड्याने नेहमीपेक्षा लहान भक्ष्य देतात. ते पचून विष्ठा बाहेर पडल्यावर दुसरे देतात. माद्या लवकर व अधाशीपणे खाऊ लागतात. नर मात्र पहिली कात टाकून मीलनाचा काळ सरेपर्यंत पुन्हा उपाशी राहू शकतात. शीतनानंतरही नर खात नाही, म्हणून ते फसले असा निष्कर्ष यामुळे काढता येत नाही.

पिले व अन्नत्याग : अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिलांच्या पोटात पीतकाचा (अंड्यातील पिवळ्या बलकाचा) साठा असतो व पहिली कात टाकेपर्यंत त्यांना अन्नाची गरज नसते. त्यानंतरही काही पिले उंदराची पिले नाकारतात, कारण निसर्गात त्यांच्या जातीचे पहिले भक्ष्य बहुधा सरडा असतो. भक्ष्याला सरड्याचा वास लावणे, ते किंचित कोमट करून देणे, पिलास लहान अंधाऱ्या डबीत भक्ष्याबरोबर रात्रभर ठेवणे असे उपाय प्रथम करतात. हे सर्व उपाय थकल्यावर काही अनुभवी संवर्धक किंग सापांसारख्या जातींच्या पिलांचे अल्पकालीन शीतन करतात. त्यात पिलाची उरलेली शिल्लक वाचते आणि पुन्हा ऊब मिळाल्यावर काही पिले आपण होऊन खाऊ लागतात. परंतु हा उपाय पिलू अजून गुटगुटीत असतानाच उपयोगी पडतो. कृश झालेले पिलू थंडीतून परत येण्याचा संभव कमी असतो. बळाने भरविणे हा अखेरचा उपाय असून तो जाणकाराने आणि पिलू पूर्ण उबेत असतानाच करावयाचा असतो.

प्रजननाशी संबंध : शीतनाचा प्रसार मुख्यतः प्रजननाच्या हेतूने झाला. नित्य उबेत ठेवलेल्या उत्तर अमेरिकन सापांच्या जोड्या पुष्कळदा मीलन करीत नाहीत किंवा माद्या वांझ अंडी घालतात. १९७० नंतरच्या काळात प्राणिसंग्रहालये व खाजगी संवर्धक यांना हिवाळी शीतन दिलेल्या जोड्यांपासून नियमित प्रजा मिळू लागली. बाजारात बंदिवासात जन्मलेले साप सहज मिळू लागल्याने रानातून साप पकडण्याची गरज घटली. या यशामागील शरीरक्रियेवर डेव्हिड क्रूज व त्यांचे सहकारी यांनी गार्टर सापांच्या अभ्यासाने प्रकाश टाकला. या सापाच्या नरात शुक्राणू आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन साठविलेले असतात. वसंतात मीलन होते, तेव्हा वृषणे निष्क्रिय असून नर-हॉर्मोनाची पातळी कमी असते. मीलनवर्तन सुरू होण्यास हॉर्मोनापेक्षा दीर्घ थंडी व तीनंतरची ऊब हा क्रमच कारणीभूत ठरतो. थंडीचा निरोप शरीरापर्यंत पोहोचविण्यात मेंदूतील पिनियल ग्रंथीचा सहभाग असल्याचेही आढळले आहे. तथापि ज्या मालकास प्रजा नको असते, त्याने शीतन केलेच पाहिजे असे नाही. कॉर्न सापासारख्या जाती शीतनाविनाही उबेत दीर्घायुषी होतात. हिवाळ्यात त्यांनी काही आठवडे अन्न नाकारले, तरी ऊब व पाणी देऊन थांबणे हा अधिक सुरक्षित पर्याय असतो.

भारतातील स्थिती : भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये देशी साप पकडून पाळण्यास मनाई आहे. कॉर्न साप, राजअजगर यांसारख्या विदेशी जाती मात्र काही घरांतून पाळल्या जातात. यांपैकी राजअजगरासारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या (साइट्सच्या) परिशिष्टांतील जाती बाळगणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रातील हिवाळा शीतनाच्या दृष्टीने अडचणीचा असतो. पुणे, नासिक किंवा विदर्भातील घरांत रात्री गारठा व दुपारी ऊब असा दैनिक चढउतार होतो आणि साप नेमक्या त्या अपायकारक मधल्या तापमानात अडकतो. मुंबई व कोकण येथे तर पुरेशी थंडीच पडत नाही. म्हणून येथे हिवाळ्यात तापक चालू ठेवणे हाच बहुतेक पाळणाऱ्यांच्या दृष्टीने योग्य मार्ग होय.

देशी सापांचे हिवाळी वर्तन प्रदेशानुसार बदलते. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात अजगर (पायथॉन मोल्युरस) हिवाळ्यात साळिंदरांच्या बिळांचा आश्रय घेतात व दिवसा बिळाच्या तोंडाशी उन्हात पडून राहतात. महाराष्ट्रात नाग, धामण इ. साप थंडीत मंदावतात व कमी खातात, तर घोणस याच सुमारास मीलनासाठी हिंडताना आढळते. सर्पमित्रांनी वस्तीतून सोडविलेल्या सापांच्या बाबतीत हे लक्षात घेणे महत्त्वाचे असते. डिसेंबरात पकडलेली धामण डबीत ठेवून ती खात नाही म्हणून तिला बळाने भरविणे म्हणजे गारठलेल्या आतड्यात न पचणारे ओझे टाकणे होय. जखम नसलेल्या सापाला वन खात्यास कळवून, दिवसाच्या उबेत, तो सापडला त्या परिसरातील सुरक्षित जागी लवकर सोडणे हितावह असते.

हिवाळी अन्नत्याग व शीतन यांसंबंधीची आजची जाण प्रयोगशाळेइतकीच पाळणाऱ्यांच्या नोंदींतून घडली आहे. तापमान, वजन, शेवटचा आहार व शेवटची कात यांची तारीखवार नोंद असल्यास उपास आणि आजार यांतील भेद बहुतेक वेळा कागदावरच स्पष्ट होतो. नोंद नसल्यास घाईने एकतर निरोगी सापावर अनावश्यक उपचार होतात किंवा आजारी सापाला थंडीत ढकलले जाते.